वाचकांचे प्रश्न : शाळेत वाचनाला जागा कुठे?

या महिन्यातली चार पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात. शाळेतले अभ्यासाबाहेरचे उपक्रम, आणि त्यांत वाचनाचं काय? फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली अडचण आज गोव्यातल्या कितीतरी छोट्या शाळांची आहे.

*

आमची खासगी विनाअनुदानित प्राथमिक शाळा आहे. मुलं शंभराच्या आसपास, शिक्षिका सहा. माध्यम इंग्रजी, मराठी आणि कोंकणी विषय म्हणून. प्रवेशाच्या वेळी पालकांचा पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडे ॲक्टिव्हिटीज काय काय?" व्यवस्थापनाला वाटतं, अबॅकस, रोबोटिक्स, वेदिक गणित असे वर्ग बाहेरच्या संस्थांना द्यावेत आणि वाचनासाठी एक ॲप विकत घ्यावं. वर्षाला चाळीस हजार रुपये मिळतील. ते कुठे घालू?
– एक मुख्याध्यापिका, फोंडा

बाई, आधी घड्याळाकडे बघूया. आपल्याकडे प्राथमिक शाळा सकाळी आठच्या सुमारास भरते आणि जेवणाच्या वेळेला सुटते. जो काही उपक्रम येईल तो या चार-साडेचार तासांतूनच वेळ काढून घेणार. म्हणून प्रत्येक उपक्रमाला पहिला प्रश्न विचारा : हा कोणाचा वेळ घेतो, आणि सगळ्या मुलांना मिळतो का? बाहेरच्या संस्थेचा वर्ग आठवड्यातून एकदा येतो आणि बहुतेक ठिकाणी वेगळी फी भरणाऱ्यांनाच मिळतो. उरलेली मुलं त्या वेळात बाजूला बसतात. शंभर मुलांच्या शाळेत कोण बसलंय आणि कोण नाही, हे सगळ्यांना दिसतं. मला ते पटत नाही. रोबोटिक्सला माझा विरोध नाही, पण ते पाचवीनंतर आलं तरी काही बिघडत नाही. सातव्या-आठव्या वर्षी गोष्टीची गोडी लागायची राहिली, तर पुढे प्रत्येक विषयाचं पुस्तक जड जातं.

आता वाचन. मधली सुटी संपली की रोज वीस मिनिटं, साऱ्या शाळेनं एकाच वेळी. शेवटच्या तासाला ठेवू नका, तेव्हा अर्धी मुलं दप्तर भरत असतात. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असं आहे. रोजची वीस मिनिटं म्हणजे वर्षाला सहासष्ट तासांहून जास्त. आठवड्याला एक याप्रमाणे येणारा कोणताही वर्ग याच्या जवळपासही पोचत नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत, असंही लिहिलं आहे. व्यवस्थापनाच्या बैठकीत हे कलम वाचून दाखवा.

त्या वीस मिनिटांत काय करायचं? दोन दिवस टीचरनं मोठ्यानं वाचावं, दोन दिवस मुलांनी आपलं आपण वाचावं, एक दिवस पुस्तकांची देवघेव आणि गप्पा. मुलं वाचतात तेव्हा टीचरनं वह्या तपासायच्या नाहीत, तिनंही वाचायचं. क्लार्क आणि शिपाईमामांनीसुद्धा. मुलं आपलं बोलणं कमी आणि आपण काय करतो ते जास्त बघतात.

मोठ्यानं वाचण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात मोठा फरक तिथं पडतो आणि शिक्षिकांच्या प्रशिक्षणात ते फारसं शिकवलं जात नाही. सतरंजी अंथरा. टीचरनं मुलांच्या जवळ, शक्य तितकं खाली बसावं आणि पुस्तक आपल्या अंगाच्या बाजूला उघडं धरावं, म्हणजे ती वाचत असताना चित्र मुलांना दिसत राहतं. आधी मुखपृष्ठ दाखवावं. लेखकाचं नाव वाचावं, चित्रकाराचंही वाचावं. मग सावकाश सुरुवात. पान उलटण्याआधी क्षणभर थांबावं, त्या थांबण्यात मुलं पुढचं ओळखायला लागतात. मध्येच "या शब्दाचा अर्थ काय?" असं विचारून गोष्ट तोडू नये. शेवटी "यातून काय शिकलात?" हे तर नकोच. विचारायचंच असेल तर "तुला काय दिसलं?" एवढं पुरे. कोणीतरी चित्राच्या कोपऱ्यातली खार दाखवतं, जी टीचरच्या नजरेतून सुटलेली असते. तिथं रेंगाळा. पुस्तक मराठी असलं तरी मुलं त्यावर कोंकणीतच बोलणार. "टीचर, पळयात, तो रडटा" (बघा, तो रडतोय), असं एखादीनं म्हटलं तर "मराठीत सांग" म्हणून तिला गप्प करू नका. ती गोष्टीत शिरली आहे, आणि त्यासाठीच आपण बसलो आहोत. इंग्रजी पुस्तकालाही हाच नियम लावा.

चाळीस हजारांतले निदान पंचवीस हजार पुस्तकांना द्या. नॅशनल बुक ट्रस्ट, चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, एकलव्य, पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन यांची कितीतरी चांगली चित्रपुस्तकं शंभर रुपयांच्या आत मिळतात. एका मुलामागे दोन-तीन पुस्तकं होतील. पण सगळी एकदम घेऊ नका. शाळा सुरू होताना काही, चवथीच्या म्हणजे गणेशचतुर्थीच्या सुटीनंतर काही, नाताळानंतर काही. मधल्या काळात मुलं कोणत्या पुस्तकावर तुटून पडतात आणि कोणतं तसंच राहतं हे कळतं, आणि पुढची खरेदी त्यावर ठरते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला शेवटचा असा की ग्रंथालय ही वाढत राहणारी गोष्ट आहे. एका दिवसात सगळी खरेदी उरकली तर ती वाढ तिथंच थांबते. निम्मी पुस्तकं देवनागरीतली, निम्मी इंग्रजी, असं धरून चाला.

ॲपचे पैसे वाचवा. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. त्यावर मराठीत आणि कोंकणीतही गोष्टी आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या, आणि उतरवून घेऊन छापायला परवानगी आहे. सगळं फुकट. शाळेत प्रोजेक्टर असेल तर चित्र भिंतीवर मोठं दाखवून साऱ्या वर्गानं एकत्र वाचावं. एकेका मुलाच्या हातात फोन देण्याची मात्र गरज नाही.

उरलेल्या पैशांत मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या मांडण्या करा, आणि जमलं तर एका शिक्षिकेला शिकायला पाठवा. पणजीत बुकवर्म ही संस्था २००५ पासून मुलांच्या ग्रंथालयाचं काम करते आहे, शाळांबरोबरही करते. टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाचा ग्रंथालय चालवणाऱ्यांसाठी खास अभ्यासक्रम आहे. सहा जणींतली एक जरी तयार झाली तरी बाकीच्या तिच्याकडून शिकतील. छोट्या शाळेचा हा फायदा मोठ्या शाळेला कधीच मिळणार नाही.

आणि ॲक्टिव्हिटी म्हणाल, तर त्या आपल्या दारात आहेत. चवथीच्या सुटीनंतर मुलांना माटोळीबद्दल, गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीबद्दल, विचारा. प्रत्येकानं एकच वस्तू निवडायची : आंबाडे, तोरिंग, चिबूड, सुपारीचा घड, कांगलां, कवंडळ. घरात तिला काय म्हणतात, ती कुठून आणली, डोंगरावरून की बाजारातून, कोणी आणली, पुढे तिचं काय झालं, हे आजी-आजोबांना विचारून यायचं. ज्यांच्या घरी माटोळी नसते त्यांनी कणसाच्या फेस्ताबद्दल, म्हणजे नव्या भाताच्या सणाबद्दल, विचारावं, नाहीतर पावसातल्या एखाद्या भाजीबद्दल, तायकिळ्याबद्दल. मग त्याचं पुस्तक करायचं. ए-फोर कागद तीनदा निम्मा दुमडला की आठ चौकोन होतात. उघडून कागद लांबट राहील असा निम्मा दुमडायचा आणि मधल्या दोन चौकोनांपुरता घडीवर काप द्यायचा. दोन्ही टोकं आत ढकलली की मधली फट उघडते आणि आठ पानांची पुस्तिका तयार होते, डिंक नको की टाचणी नको. पहिल्या पानावर नाव आणि चित्र, शेवटच्या पानावर लेखकाची ओळख : "मी दुसरीत आहे. मला चिबूड आवडतो." ही पुस्तकं विकतच्या पुस्तकांशेजारी, त्याच मांडणीत ठेवा. मुलं सगळ्यात आधी ती काढतात. एकमेकांचं लिहिलेलं वाचायला त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

सहलीबद्दल थोडक्यात. पणजीला पाट्टोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था, आणि तिथं मुलांचा वेगळा विभाग आहे. मुलांना रांगेनं फिरवून परत आणू नका. तासभर तिथं बसून वाचू द्या. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्यात जाणार असाल, तर आधी आठवडाभर वर्गात पक्ष्यांची पुस्तकं फिरू द्या. सहलीआधी वाचलेलं मूल तिथं गेल्यावर वेगळंच बघतं. तुमचं लक्ष एवढं ठेवा : सहल असो, चित्रकला असो, नाटुकलं असो, त्याचा धागा कुठंतरी पुस्तकाला बांधलेला असावा.

पालकांचा प्रश्न राहिला. प्रवेशाला येणाऱ्या आईवडलांना त्या वीस मिनिटांत वर्गात मागे बसवा. साठ शब्दांच्या माहितीपत्रकापेक्षा ते त्यांना जास्त कळेल.

*

आमच्या शाळेत पुस्तकं भरपूर आहेत, पण मुलांच्या हातात दिली की फाटतात. हेडमास्तरांनी कपाटाला कुलूप लावलं आहे आणि किल्ली ऑफिसात असते. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. मार्ग सुचवाल का?
– एक शिक्षिका, काणकोण

कपाट उघडं ठेवा. गोव्याच्या हवेत बंद कपाटात पुस्तकं जास्त खराब होतात. जून ते सप्टेंबर ओलावा इतका असतो की दाबून भरलेल्या, न हलवलेल्या पुस्तकांवर बुरशी येतेच. मग पानं चिकटतात, कसर लागते, आणि कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर मागून वाळवी शिरते. कुलपातली पुस्तकं दसऱ्याला काढली की तपकिरी डागांनी भरलेली असतात, आणि ती कोणा मुलानं खराब केलेली नसतात. हेडमास्तरांना हे शांतपणे सांगा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खाली विटा किंवा लाकडी ओंडके द्या, पुस्तकं सैल लावा, पावसात उघडीप पडली की पंख्याखाली पसरून ठेवा. रोज हाताळलं जाणारं पुस्तक हवा खातं.

फाटण्याबद्दल : पुस्तकं फाटणारच. लहान मुलांच्या चांगल्या पुस्तकाचं आयुष्य तीन-चार वर्षांचं धरावं आणि त्यात ते शंभर हातांतून जावं. वर्गाच्या एका कोपऱ्यात दुरुस्तीचा डबा ठेवा : कापडी बाइंडिंग टेप, पातळ पांढरा कागद, खळ, कात्री, जाड सुई आणि दोरा. साधी पारदर्शक चिकटपट्टी वापरू नका, ती वर्षभरात पिवळी पडून सुटते आणि शाईही उचलते. तिसरी-चौथीच्या मुलांना पाठकणा शिवायला शिकवा. ज्यानं एकदा पुस्तक शिवलं आहे तो दुसऱ्याच्या हातातलं पान दुमडलेलं बघूनही ओरडतो. दंड मात्र घेऊ नका. दंडाच्या भीतीनं मुलं पुस्तक घरी नेणंच सोडतात, आणि ज्यांच्या घरी एकही पुस्तक नाही ती सगळ्यात आधी सोडतात.

*

माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेत वर्षभरात सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला ट्रॉफी आहे. तिला जिंकायचं आहे, म्हणून ती सर्वांत बारीक पुस्तकं शोधून आणते, भराभर पानं उलटते आणि वहीत नाव लिहिते. मागच्या आठवड्यात न वाचलेल्या दोन पुस्तकांची नावं लिहिली. ओरडलो तेव्हा रडली. ट्रॉफीनं गोडी लागण्याऐवजी उलटंच होतंय का?
– एक वडील, डिचोली

होय, उलटंच होतंय, आणि त्यात तुमच्या मुलीचा दोष नाही. तिला स्पर्धा दिली, तिनं स्पर्धा खेळली. पुस्तकांची संख्या मोजली की मुलं संख्या वाढवतात.

यावर एक जुना आणि गाजलेला प्रयोग आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी स्केचपेननं चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस की सोनेरी तारा आणि रिबन असलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, नंतर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात कोण आपणहून चित्रं काढतं हे पाहिलं, तर बक्षिसाचं कबूल करून घेतलेल्या मुलांचा चित्रांवरचा वेळ इतरांच्या साधारण निम्माच भरला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड टिकून होती. आवडीच्या कामाला आधी भाव ठरवला की मूल ते त्या भावासाठीच करायला लागतं.

वर्गशिक्षिकेशी बोला, तक्रारीच्या सुरात नको. ट्रॉफीऐवजी शाळेनं प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्यावी : "हे पुस्तक मी कोणाला देईन, आणि का." त्या चिठ्ठ्या पुस्तकाच्या आत ठेवाव्यात. वाचलेल्या पुस्तकाबद्दल मैत्रिणीला सांगण्यात मुलांना खरी मजा येते. आणि ट्रॉफी हवीच असेल, तर साऱ्या वर्गाला मिळून काहीतरी द्या, दुपारी एक जादा गोष्ट.

घरी तिला सांगा की वहीत काय लिहायचं ते तुझं तू ठरव, आम्ही मोजणार नाही. मग रात्री तिला एक जाड पुस्तक तुम्ही वाचून दाखवायला घ्या, रोज एकच प्रकरण, आणि ऐन रंगात आलं की थांबा. तिसरीतल्या मुलीला वाचता येतं म्हणून वाचून दाखवणं बंद करतात, ते फार लवकर करतात. वडलांच्या आवाजात ऐकलेल्या गोष्टीचं मोल वेगळं असतं.

*

नातू पाचवीत आहे, इंग्रजी शाळेत. घरात कोंकणी बोलतो, मराठी सगळी समजते, दहीकाल्याची नाटकं रात्रभर जागून बघतो. पण मराठी पुस्तक दिलं तर दोन ओळींत कंटाळतो. शाळेत मराठी नाही. मी शिकवू शकेन का? माझं शिक्षण चौथीपर्यंत.
– एक आजी, पेडणे

आजी, शिकवू शकाल, आणि तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोणी शिकवणार नाही. नातवाकडे अर्धं सामान आधीच आहे. पाचवीत हिंदी असेल, म्हणजे देवनागरी अक्षरं येतात. मराठी कानाला ओळखीची आहे. त्याचं अडतं ते वेगावर. अक्षराला अक्षर जोडत ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते, म्हणून कंटाळा येतो.

म्हणून त्याला पाठ असलेल्या मजकुरापासून सुरू करा. चवथीच्या आरत्या त्याला तोंडपाठ असतील, घुमट या वाद्याच्या तालावर म्हणत असेल. आरत्यांची चोपडी उघडा, तुम्ही दोघं मिळून सावकाश म्हणा आणि त्यानं प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवावं. जीभ पुढे पळेल, बोट मागे राहील. तिथं थांबून बोटाला गाठू द्या. पाठ असलेल्या ओळीत न अडखळता जोडाक्षरं ओळखीची होतात. पंधरा दिवस एवढंच करा.

हिंदीहून वेगळ्या दोन-तीन गोष्टी त्याला दाखवून ठेवा. 'ळ' मराठीत पावलोपावली येतो. 'चार'मधला च आणि 'चमचा'मधला च वेगळे, लिहायचे मात्र एकच. कोंकणीतही हे दोन्ही उच्चार आहेत, त्यामुळे एकदा सांगितलं की त्याचा कान बरोबर पकडेल. 'वाऱ्यावर', 'दऱ्या' यांतला र तेवढा त्याला नवा वाटेल.

मग नाटक. गावातल्या कोणाकडे मागच्या काल्यात झालेल्या नाटकाची वही किंवा पुस्तक असेलच, ते मागून घ्या. एक प्रवेश निवडा. त्याला राजा होऊ दे, तुम्ही बाकीची पात्रं. संवाद वाचताना ओळी लहान असतात, आणि आवाज काढायचा असतो, म्हणून मुलं तीच ओळ चार-चार वेळा कुरकुर न करता वाचतात. त्यात चुकलं तर मध्येच टोकू नका. ओळ पुरी होऊ दे, मग तुमच्या संवादात तोच शब्द नीट उच्चारा.

गोष्टीचं पुस्तक त्यानंतर द्या, आणि त्याच्या वयाचं म्हणून जाड देऊ नका. एक पान वाचायला सांगा. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट उघडायचं. पाच बोटं उघडली तर ते पुस्तक सध्या बाजूला, दोन-तीनच उघडली तर तेच चालू द्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सुनेला सांगा, त्यातल्या लहान गोष्टी, कोडी निवडून अक्षर जरा मोठं करून छापून आण. रोज पंधरा मिनिटं, रात्रीच्या जेवणाआधी. एक परिच्छेद त्यानं वाचायचा, एक तुम्ही. तुम्हाला एखादा शब्द अडला तर त्यालाच विचारा.